‘यात जाहिराती नसतात’ असे मी बाबांना सांगितले होते

आज सकाळी टीव्ही लावताच पडद्यावर एक सूचना झळकली आणि तेव्हापासून माझे कशातच लक्ष नाही. दर महिन्याला न चुकता पैसे भरून घेतलेल्या एका स्ट्रीमिंग सेवेने कळवले आहे की पुढच्या महिन्यापासून आमच्या प्लॅनमध्ये ‘मर्यादित जाहिराती’ दिसतील आणि त्या नको असतील तर जादा रक्कम भरावी लागेल. रक्कम फार मोठी नाही. पण ती सूचना माझ्या आधी बाबांनी वाचली होती. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी मला एवढेच विचारले, “तू तर म्हणाली होतीस, यात जाहिराती नसतात?”

मी म्हणालेच होते. दीड वर्षापूर्वी आम्ही घरातली केबल बंद केली. बाबांनी विरोध केला नव्हता, पण त्यांचे मनही नव्हते. केबलच्या रिमोटवरचे आकडे त्यांच्या अंगठ्याने कधीच पुसून गेले होते, वरचे प्लास्टिकचे आवरण पिवळे पडून कडांना फाटले होते, आणि तरीही दिवे घालवलेल्या खोलीत ते न पाहता बातम्यांची वाहिनी अचूक लावत असत. असा जुळलेला हात मोडायला सांगायचे तर काही तरी भक्कम द्यायला हवे होते. पैसे वाचतील हे त्यांना फारसे पटले नाही. हवे तेव्हा हवे ते पाहता येईल, यावर ते म्हणाले की मला लागलेले पाहायला आवडते. शेवटी मी म्हणाले, “बाबा, यात जाहिराती नसतात,” आणि ते लगेच तयार झाले. ऐन रंगात आलेला प्रसंग तोडून तीच ती जाहिरात तिसऱ्यांदा दाखवली, की ते आवाज बंद करून खिडकीबाहेर बघत बसायचे, हे मी लहानपणापासून पाहिले आहे.

केबल काढली याचा मला आजही पश्चात्ताप नाही. केबलची सुरुवात चांगल्या गरजेतून झाली, हे मान्य करते. अमेरिकेत १९४८च्या सुमारास, पेनसिल्व्हेनियासारख्या डोंगराळ भागात जिथे घरावरच्या अँटेनापर्यंत लहरी पोहोचत नव्हत्या, तिथे उंचावर एकच सामाईक अँटेना उभारून तिची तार घरोघरी नेली गेली. ज्यांना दिसत नव्हते त्यांना दिसू लागले. पुढे त्याच तारेतून गठ्ठे येऊ लागले. वाहिन्यांचे मालक दोन चालणाऱ्या वाहिन्यांच्या गळ्यात दहा न चालणाऱ्या बांधतात, केबल कंपनी तो गठ्ठा तसाच आपल्या माथी मारते, आणि ज्या घरात कोणी खेळ पाहत नाही ते घरही खेळांच्या महागड्या प्रक्षेपण हक्कांचा भार वर्षानुवर्षे उचलत राहते. आमच्या घरात शेकडो वाहिन्या येत होत्या आणि बाबा पाहत होते सहा. उरलेल्यांचे पैसे आम्ही का भरत होतो, याचे उत्तर मला कोणत्याही केबल कंपनीने कधी दिले नाही.

स्ट्रीमिंगने हे बदलेल असे मला मनापासून वाटले होते, आणि सुरुवातीला ते बदललेही. टपालाने डीव्हीडी पाठवणाऱ्या नेटफ्लिक्सने २००७ मध्ये इंटरनेटवरून चित्रपट दाखवायला सुरुवात केली. तेव्हा एका सेवेत पुष्कळ काही होते, मध्ये जाहिरात नव्हती, आणि नको वाटले तर महिन्याच्या शेवटी सोडून देता येत होते. मग ज्यांचे चित्रपट आणि मालिका तिथे होत्या त्या कंपन्यांना, आणि इतरांनाही, आपापले दुकान हवेसे झाले. २०१९च्या नोव्हेंबर या एकाच महिन्यात ॲपल टीव्ही प्लस आणि डिस्ने प्लस सुरू झाले, पुढच्याच वर्षी एचबीओ मॅक्स आणि पीकॉक आले, आणि एके काळी एका ठिकाणी मिळणारा माल पाच कुलपांच्या आड गेला. वर्षानुवर्षे जाहिरातींना नकार देणाऱ्या नेटफ्लिक्सने २०२२च्या नोव्हेंबरमध्ये जाहिरातींचा स्वस्त प्लॅन आणला. पासवर्ड वाटून घेणे म्हणजे प्रेम, अशा अर्थाचे ट्विट याच कंपनीने २०१७ मध्ये केले होते, आणि २०२३ मध्ये तिनेच घराबाहेरच्या माणसाला पासवर्ड दिल्यास वेगळे पैसे मागायला सुरुवात केली. तीन सेवांचा एकत्रित प्लॅन घ्या म्हणजे स्वस्त पडेल, अशा जाहिराती आता येतात. गठ्ठा नको म्हणून आपण केबल सोडली होती ना? मग हे काय आहे?

हे लिहिताना माझा राग वाढतो आहे, कारण बाबांचा तो प्रश्न राहून राहून आठवतो. त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. मुलीने सांगितले म्हणजे ते खरे असणार, असे धरून चालणाऱ्या माणसाचा तो स्वर होता. कंपनीने आपले धोरण बदलले, तिला त्याचा अधिकार असेल, अटींच्या लांबलचक पानांत कुठेतरी तसे लिहिलेलेही असेल. पण त्या कंपनीच्या वतीने घरात शब्द देऊन बसले होते ते मी. आपल्यापैकी कितीतरी जणांनी आपल्या आईवडिलांना असाच शब्द दिला असेल.

मालिका बनवायला पैसा लागतो आणि तो कुठून तरी यावाच लागतो, हे मला कळते. पण जाहिरातींसह कमी दराचा प्लॅन नवा काढणे वेगळे, आणि पूर्ण पैसे भरणाऱ्याच्या चालू प्लॅनमध्ये जाहिराती घुसवून त्या काढण्याचे पुन्हा पैसे मागणे वेगळे.

केबलच्या बाजूने बोलणाऱ्यांच्या दोन गोष्टी मला नाइलाजाने मान्य कराव्या लागतात. थेट सामना स्ट्रीमिंगवर काही सेकंद उशिरा दिसतो, त्यामुळे शेजारच्या घरात जल्लोष होतो तेव्हा आपल्या पडद्यावर चेंडू अजून हवेतच असतो. आणि स्वस्त-स्वस्त म्हणताना आपण इंटरनेटचा खर्च धरत नाही. एचडी दर्जात एक तास पाहिले की सुमारे तीन जीबी डेटा जातो, फोर-के असेल तर सात, आणि ज्या घरात इंटरनेट मोजून वापरावे लागते त्या घराचे गणित माझ्यापेक्षा वेगळे येणार.

तिसरी गोष्ट मात्र मला कोणी सांगितली नव्हती, ती मी बाबांकडे पाहून शिकले. केबल काढल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात ते नवा रिमोट हातात धरून बसले होते आणि त्यांनी मला विचारले, “आता काय चालू आहे?” मी म्हणाले की काहीच चालू नाही, तुम्ही लावाल ते चालू होईल. पडद्यावर रांगांमागून रांगा चित्रांच्या होत्या. बाबा बराच वेळ बाणाच्या बटणाने उजवीकडे-उजवीकडे जात राहिले, मग रिमोट हलकेच टीपॉयवर ठेवून दिला आणि वर्तमानपत्र उचलले. त्या वेळी मला ते केवळ सवयीचे वाटले. आज वाटते की दिवसभर थकलेल्या किंवा एकट्या बसलेल्या माणसाला कधी कधी निवडायचे नसते, काही तरी आधीच चालू असलेले हवे असते, आणि ते देण्याचे काम केबल कितीतरी वर्षे मुकाट्याने करत होती. हे ध्यानात न घेता आपण पैशांच्या हिशेबावर घरातल्या मोठ्यांचा टीव्ही बदलून टाकतो. मीही तेच केले.

तरीही मी केबलकडे परत जाणार नाही. स्ट्रीमिंगमध्ये एक गोष्ट अजून आपल्या हातात आहे आणि ती म्हणजे सोडून जाणे. केबल बंद करताना मला तीन वेळा फोन करावा लागला होता, प्रत्येक वेळी नव्या माणसाला पहिल्यापासून कारण सांगावे लागले, सेट टॉप बॉक्स, वायर आणि तो फाटक्या आवरणाचा रिमोट स्वतः नेऊन द्यावा लागला, आणि पावती हातात असूनही पुढच्या महिन्याचे बिल आलेच. आज ही सेवा रद्द करायला मला दोन मिनिटेही लागली नाहीत. मित्रमैत्रिणींनो, पाच सेवा एकदम घेऊन ठेवल्या तर ती केबलच झाली, आणि महागही पडते. एका वेळी एकच घ्यावी, तिच्यातले जे पाहायचे ते पाहावे, महिना संपला की बंद करावी आणि दुसरी घ्यावी. वर्षभराच्या प्लॅनवर सूट देतात ती घेऊ नये, कारण त्या सवलतीच्या बदल्यात आपण सोडून जाण्याचा हक्क विकत असतो. ज्या दिवशी घ्याल त्याच दिवशी आपोआप होणारे नूतनीकरण बंद करून ठेवावे. आणि सबस्क्रिप्शन फोनच्या ॲप स्टोअरमधून किंवा मोबाइल कंपनीच्या बिलातून घेतले असेल तर ते तिथूनच बंद करावे लागते, नुसते ॲप काढून टाकल्याने पैसे कापले जाणे थांबत नाही. माझ्या भावाचे असे चार महिने पैसे गेले.

या कंपन्यांना आपल्या रागाची पर्वा नाही, हे मला माहीत आहे. पण एकाच आठवड्यात पुष्कळ लोक निघून गेले, तर ते त्यांच्या हिशेबात नक्की दिसते. म्हणून नुसते चिडून जाहिराती पाहत बसू नका, रद्द करा.

दुपारी मी बाबांना सांगितले की ती सेवा मी बंद केली आणि तुम्हाला चुकीचे सांगितले होते त्याबद्दल मला वाईट वाटते. ते म्हणाले, “अगं, तू काय केलंस त्यात.” मग थोडे थांबून त्यांनी विचारले की त्यांच्या मालिकेचे काय, तिचे पाच भाग राहिले आहेत. पैसे भरले आहेत तोपर्यंत, म्हणजे आणखी नऊ दिवस, ती दिसेल, असे मी म्हणाले. केबल काढल्यापासून ते खिशात एक छोटी वही ठेवतात, कोणती मालिका कोणत्या सेवेवर आहे आणि आपण कितव्या भागावर आहोत हे लिहून ठेवायला. ती वही त्यांनी काढली, त्या मालिकेच्या नावापुढे शेवटची तारीख लिहिली आणि मला विचारले, “रोज एक पाहिला तर चार दिवस उरतील. तू बसशील का माझ्याबरोबर?”

आज रात्री साडेनऊला आम्ही बसणार आहोत.