कोळीवाड्याच्या पोरांवर चिकटवलेला आकडा

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतोय: ‘असर’ अहवाल सांगतो की मुंबईच्या कोळीवाड्यांतल्या पालिका शाळांत पाचवीच्या निम्म्या मुलांना वाचता येत नाही. पुढे त्यातच लिहिलंय: आईबाप अडाणी, भाषा अशुद्ध, आणि बाजाराचा हिशेब येतो तेवढा या पोरांना पुरे. मी वेसाव्याच्या कोळीवाड्यात संध्याकाळी शिकवणी घेते. वाचन कच्चं असलेली पोरं माझ्याकडे आहेत, ते मी नाकारत नाही. पण हा मजकूर खोटा आहे.

‘असर’ हे ग्रामीण सर्वेक्षण. २००५ पासून ते खेड्यांत घरोघरी जाऊन मुलांचं वाचन आणि गणित तपासतं. मुंबई त्यात येतच नाही, मग कोळीवाड्याचा आकडा आला कुठून?

भाषेचं म्हणाल, तर ‘डोळा’ला ‘डोला’ म्हणणाऱ्या पोराला अक्षर ओळखता आलंय आणि अर्थही कळलाय. तो आमच्या घरचा उच्चार. त्यावरून टोकलं की पुढच्या ओळीला ते तोंड उघडत नाही.

बाजाराच्या हिशेबाचं वाक्य सगळ्यात घातक, कारण ते कौतुकासारखं वाटतं. चौथीतली एक मुलगी आईबरोबर मासळी विकायला बसते. तीनशेचे दोन वाटे, दीडशेचा एक, गिऱ्हाइकाने पाचशेच्या दोन नोटा दिल्या, की अडीचशे परत. पापणी लवायच्या आत. तीच वजाबाकी वहीत उभी मांडून दिली, १००० वजा ७५०, की हातच्याला अडते. २०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात कोलकाता-दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचं हेच दिसलं. उलट, शाळेत गणितं सोडवणारी मुलं बाजारातल्या हिशेबात अडखळली. म्हणजे एक आलं की दुसरं आपोआप येत नाही, शिकवावं लागतं. मी आता वजाबाकी वाट्यांपासूनच सुरू करते. उद्या बोटीच्या डिझेलची उधारी, कर्जाचं व्याज ती तोंडी किती दिवस सांभाळणार?

राहिले आईबाप. २००१ ते २००३ मध्ये मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत ‘बालसखी’ उपक्रम तपासला गेला. वस्तीतल्याच तरुण मुली तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळं घेऊन बसत, मुळाक्षरांपासून, अंकांपासून. मुलांचे गुण वाढले. घरं तीच होती, आईबापही तेच.

आमच्या गल्लीत बारावी झालेल्या पाच-सहा मुली घरी बसून आहेत. त्यांना शाळेत असं काम मिळालं, तर माझ्या ओट्यावर तीस पोरं दाटीवाटीने बसणार नाहीत.