मामा, तो झाडांचा मेसेज ग्रुपवरून काढा

काल रात्री मामांनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला आणि खाली लिहिलं, 'अगदी पटलं'. मेसेजचं म्हणणं असं: मुंबईच्या फोर्टमधल्या जुन्या चौकांत झाडं मुळात नव्हतीच, त्यांच्या मुळांनी हेरिटेज इमारती खचतात, दर्शनी बाजू झाकली जाते, म्हणून झाडं काढा, फरसबंदी करा, शोभेला कुंड्या ठेवा.

मामा, तुमची अख्खी नोकरी फोर्टमध्ये गेली. हॉर्निमन सर्कलच्या बागेत बसून डबे खाल्लेत तुम्ही. ते सर्कल, म्हणजे तेव्हाचं एल्फिन्स्टन सर्कल, 1872 मध्ये पुरं झालं, तेव्हाच मधे बाग आणि भोवती कमानींच्या इमारतींची गोलाई अशी त्याची आखणी होती. बाग काढली तर त्या इमारती कशाभोवती वळल्यात, हे तरी कळेल का? आणि त्याच्याही आधी, 1850 च्या दशकात, शेअर दलाल जमायचे ते टाउन हॉलसमोरच्या वडाखालीच.

मुळांचं म्हणणं अर्धं खरं आहे, मान्य. कार्निसच्या, म्हणजे भिंतीच्या माथ्याला पुढे आलेल्या दगडी पट्टीच्या, फटीत पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळ रुजतो आणि दगड फोडतो. नुसता वरून छाटला तर पुन्हा फुटतो, म्हणून कोवळा असतानाच मुळासकट काढायला हवा. पण भिंतीतलं रोप वेगळं आणि चौकातला वड वेगळा.

खरा राग येतो तो फरसबंदीचा. आमच्या गल्लीतल्या पर्जन्यवृक्षाच्या बुंध्याला भिडवून पेव्हर ब्लॉक बसवले होते. त्यासाठी खणताना मुळं तोडली, वर सिमेंट ओतलं. तिसऱ्या पावसाळ्यात झाड आडवं झालं. मी जाऊन पाहिलं. एवढ्या मोठ्या झाडाच्या बुडाशी मुळांचा गड्डा जेमतेम टेबलाएवढा, आणि बुंध्यावर ब्लॉकची कड रुतल्याचा वळ. म्हणे फरसबंदीने चौक सुरक्षित होतो!

दर्शनी बाजू दिसत नसेल तर परवानगी घेऊन, जाणकाराकडून फांद्या विरळ करता येतात. कुंड्यांबद्दल बोलायलाच नको.

आणि वारसा म्हणजे फक्त दगड नव्हे, हे आता कायदाच सांगतो. राज्याच्या 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्यात 2021 मध्ये दुरुस्ती झाली. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड आता 'वारसा वृक्ष' आहे. तोडायची परवानगी मिळालीच, तर झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावावी लागतात. शंभर वर्षांच्या वडामागे शंभर. ती फोर्टमध्ये कुठे लावणार, हे मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.

मामा, मेसेज काढा. मामीने तो तिच्या भिशीच्या ग्रुपवर टाकलाय, तिलाही सांगा.