खुलासा : एका हायमास्टने अख्खी वस्ती सुरक्षित होत नाही

'चौकात ३० मीटरचा एक हायमास्ट (टोकावर प्रखर दिवे असलेला उंच खांब) उभारा, वस्तीतली रात्रीची गुन्हेगारी थांबेल,' असा दावा सध्या फिरतो आहे. झपाट्याने वाढणाऱ्या शहरांत तो लोकांना पटतो, कारण एकच खांब आणि काम लगेच डोळ्यांत भरते. पण तो चुकीचा आहे.

साधे गणित बघा. खांबापासून १०० मीटरवर अडीच मीटर उंच झोपडीची सावली सुमारे ९ मीटर लांब पडते. गल्ली असते जेमतेम एक मीटर रुंद. म्हणजे खांबाच्या दिशेला आडव्या असलेल्या गल्ल्या पूर्ण काळोखात राहतात, आणि शौचालयाकडे जाणाऱ्या बाईला भीती वाटते ती नेमकी तिथेच. शिवाय एक केबल तुटली की सगळी वस्ती अंधारात. दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊन शहराच्या खायेलित्शा या वस्तीत वर्णद्वेषी राजवटीच्या काळातल्या अशा उंच दिव्यांवर रहिवाशांची तक्रार हीच आहे.

गल्लीत ४ ते ५ मीटर उंचीवर, भिंतीला किंवा खांबाला, १५ मीटरच्या आसपास अंतराने छोटे एलईडी दिवे लावा. सुरुवात शौचालय, नळ आणि बसथांब्याच्या वाटेपासून करा. प्रत्येक दिव्याला वेगळा फ्यूज हवाच. सौर दिवा असेल तर बॅटरी बदलण्याचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरा. तो धरला नाही, तर असे दिवे काही वर्षांत विझतात.

तपासणी रात्रीच करावी : समोरून येणाऱ्याचा चेहरा ४ मीटरवरून ओळखता आला पाहिजे.