चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

काका, नमस्कार. (नाव लिहिलं नाहीत, पण "वय 71, हे पान नातू उघडून देतो" असं लिहिलंत म्हणून काका म्हणते, चालेल ना?)

ज्यांनी मूळ प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मागच्या लेखात मी आमच्या गावातल्या ग्रीन बिल्डिंग चॅप्टरचं (म्हणजे ग्रीन इमारतींना रेटिंग देणाऱ्या कौन्सिलच्या स्थानिक शाखेचं) काम बघणाऱ्या आर्किटेक्ट, बिल्डर, एसीवाले, काचवाले मंडळींचं कौतुक केलं होतं. काकांचं म्हणणं, ही सगळी विकणारी माणसं, त्यांनीच ग्रीन कशाला म्हणायचं ते ठरवायचं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. शिवाय आमच्या वाड्यांना कुठलं सर्टिफिकेट होतं, आमच्या सोसायटीच्या गेटवर प्लॅटिनमचा (ग्रीन रेटिंगमधल्या सगळ्यात वरच्या पायरीचा) बोर्ड आहे आणि एसटीपी (सांडपाणी साफ करायचा प्लँट) दीड वर्षं बंद आहे, आणि शेवटी, "बाई, तुम्हाला यात काय मिळतं?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते कारण तो रास्त आहे. मी पाणी आणि ड्रेनेजच्या लाइन्स डिझाइन करते, रेटिंगवाला प्रोजेक्ट असला की डबल प्लंबिंग (फ्लशच्या पाण्याची लाइन वेगळी), पावसाचं पाणी, एसटीपी, जागोजागी मीटर, सगळ्याचे हिशोब, काम वाढतं आणि फीसुद्धा वाढते. चॅप्टरच्या कमिटीत चार वर्षं होते, त्याचे पैसे मिळत नाहीत, चहा-बिस्किटं मिळतात, पण ओळखी होतात आणि ओळखीतून कामं येतात हे नाकारून कसं चालेल. मागच्या लेखात हे लिहायला हवं होतं, नाही लिहिलं, चुकलं.

आता चोर आणि किल्ल्या. हे आपल्याकडेच झालंय असं समजू नका. अमेरिकेत 1993 साली यूएस ग्रीन बिल्डिंग कौन्सिल काढली ती तिघांनी, डेव्हिड गॉटफ्रीड रिअल इस्टेटमधला, माइक इटालियानो पर्यावरणाचा वकील आणि रिक फेड्रिझी कॅरिअरमधला, हो, तीच एसी बनवणारी कॅरिअर. आपल्याकडे 2001 साली इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल निघाली ती सीआयआयच्या, म्हणजे उद्योगवाल्यांच्याच संघटनेच्या छत्राखाली. यात लपवाछपवी काही नाही. ग्रिहा हे आपल्याकडचं दुसरं ग्रीन रेटिंग त्यामानानं वेगळ्या घरातलं, टेरी ही संशोधन संस्था आणि केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाचं, पण तिथंही फायली भरणारे शेवटी आम्हीच.

आणि एक गोष्ट स्पष्ट करते, गावातलं चॅप्टर रेटिंग देत नाही. फाइल वर कौन्सिलकडे जाते, तिथं तपासली जाते. चॅप्टरचं काम म्हणजे ट्रेनिंग, साइट व्हिजिट, कॉलेजात जाऊन बोलणं, महापालिकेच्या इंजिनिअर लोकांना समजावणं. इथं मात्र मला तुमच्या म्हणीच्या समोर दुसरी म्हण ठेवावीशी वाटते, कान सोनारानंच टोचावे लागतात. मी दहा वर्षं बिल्डरना सांगत आले की पश्चिमेला एवढी काच लावू नका, ऐकून घेतात, चहा पाजतात, आणि काच लावतात. पण एका मीटिंगमध्ये त्यांच्यातलाच एक बिल्डर उभा राहिला आणि म्हणाला की मी पश्चिमेची काच निम्मी केली, बाहेरून छज्जे घेतले, एसीचं टनेज (थंड करायची क्षमता) कमी लागलं आणि काचेवर वाचलेल्या पैशात छज्जे फुकटात बसले, तेव्हा समोरचे चार जण वहीत लिहून घेत होते. हे काम पर्यावरणवाल्यांच्या मोर्च्यानं झालं नसतं. म्हणून मी त्या लोकांचं कौतुक केलं आणि ते मागे घेत नाहीये.

वाड्यांचं म्हणाल तर मी तुमच्याच बाजूनं आहे. जाड भिंती, मधला चौक, सावली, वारा. गंमत म्हणजे हैदराबादची सीआयआय-गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरची इमारत, जिला 2003 साली अमेरिकेबाहेरचं पहिलं लीड (त्या अमेरिकेतल्या कौन्सिलचं रेटिंग) प्लॅटिनम मिळालं, तिच्यातही आर्किटेक्ट करण ग्रोव्हर यांनी चौक आणि जाळीच्या भिंती वापरल्यात, वारा थंड करून आत घेणारे मनोरे आहेत, सांडपाणी झाडांच्या मुळांतून साफ होतं. म्हणजे आपलंच शहाणपण फिरून आलं. फक्त वाड्याची आठवण काढताना सकाळची संडासची रांग पण आठवा काका, बारा बिऱ्हाडांत एक नळ असला की पाण्याची बचत आपोआपच होते!

आता एसटीपी. इथं माझ्याकडे बचाव नाही.

ड्रॉइंगवरच प्री-सर्टिफिकेशन मिळतं, पाया खणायच्या आधी ब्रोशरवर प्लॅटिनम छापून होतं, फ्लॅट विकले जातात. यूडीसीपीआरमध्ये (मुंबई सोडली तर जवळपास सगळ्या राज्याला लागू असलेली नियमावली) ग्रीन रेटिंगला पायरीप्रमाणे 3, 5 आणि 7 टक्के जादा एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं ते प्रमाण) आहे, म्हणजे बिल्डरचा फायदा बांधतानाच झाला. मग प्लँट सोसायटीच्या ताब्यात येतो. पहिलं लाइट बिल बघून कुणीतरी म्हणतं ब्लोअर (सांडपाण्यात हवा सोडणारं यंत्र) रात्री बंद ठेवू, हवा नाही मिळाली की बॅक्टेरिया मरतात, वास सुटतो, तळमजल्यावरचे भांडायला येतात, मग पूर्ण बंद. ऑपरेटर सोडून जातो. फ्लशच्या लाइनला बायपास करून चांगलं पाणी जोडलं जातं आणि मे महिन्यात टँकर. बऱ्याच ठिकाणी हीच गोष्ट आहे, मी डिझाइन केलेल्या एका इमारतीतसुद्धा हेच झालं आणि मला कळलं दोन वर्षांनी, तेही लिफ्टमध्ये भेटलेल्या एका वहिनींकडून.

पण माझ्या मते दोष बिल्डर कमिटीत असण्याचा नाही, तिथं कोण नाही याचा आहे. चार वर्षांत मी त्या टेबलाभोवती एकही सोसायटीचा सेक्रेटरी पाहिला नाही, एसटीपी ऑपरेटर नाही, प्लंबर नाही. इमारत पन्नास वर्षं ज्यांनी चालवायची ते बाहेर, आणि तीन वर्षांत बांधून मोकळे होणारे आत. मी एकदा सुचवलं होतं की वार्षिक अवॉर्डला अर्ज करणाऱ्यानं राहायला आल्यानंतरच्या एका वर्षाची लाइट आणि पाण्याची बिलं जोडावीत, आणि ज्याचा स्वतःचा प्रोजेक्ट आहे त्यानं त्या वर्षी कमिटीत बसू नये. दुसरा मुद्दा लगेच मान्य झाला. पहिल्यावर थोडा वेळ कुणी बोललं नाही, मग एक जण हसत म्हणाले, "मॅडम, मग अर्ज कोण करणार?" सगळे हसले, मी पण हसले, आणि तो विषय तिथंच राहिला. तेव्हा हसायला नको होतं.

आता तुमच्या सोसायटीचं बघू. गच्चीवर पाण्याची टाकी एक आहे की दोन ते बघा, दोन असतील तर फ्लशची लाइन बहुतेक वेगळी आहे, म्हणजे काम अजून हातात आहे. ब्लोअरला सबमीटर (त्याचा वेगळा मीटर) असेल तर त्याचं रीडिंग घ्या, नसेल तर नातवाला पॅनलचा फोटो काढायला सांगा. एसटीपीच्या टाक्या कोरड्या पडल्यात की पाणी साचून आहे तेही लिहा. आणि तो प्लॅटिनमचा बोर्ड नीट वाचा, त्यावर 'प्री-सर्टिफाइड' असं बारीक अक्षरात लिहिलंय का?