भिंतीवर समता

समाजकेंद्राच्या इंटिरिअरमधून सामाजिक न्याय साधायचाय? मग भिंतीपासून सुरुवात करा. हातात हात गुंफलेली नाना रंगांची माणसं रंगवून घ्या. त्यात व्हीलचेअरवरची एक बाई हवीच, आणि हसरी हवी. चित्रातल्या चाकांना रॅम्प लागत नाही, हा तिचा मोठा गुण.

खरी व्हीलचेअर आली तर पंचाईत. १ फूट चढायला निदान १२ फूट लांब रॅम्प लागतो. तेवढ्यात तुमचं कारंजं बसतं. तेव्हा रॅम्प मागे, कचऱ्याच्या डब्यांशेजारी काढा आणि ३ फुटांत उरका. घसरगुंडी झाली तर मुलांचीही सोय होईल. त्या दाराची किल्ली मात्र नुकत्याच जेवायला गेलेल्या माणसाकडे असू द्या.

काउंटर उंच घ्या, गुळगुळीत दगडाचा. चाकाच्या खुर्चीतून पलीकडचा माणूस दिसता कामा नये. दिसावा तो फक्त पंख्याच्या वाऱ्याने हलणारा त्याच्या केसांचा झुबका. खालून हात ताणून अर्ज वर सरकवला की तो सुळकन परत यावा, निदान दोनदा. (काउंटरचा हातभर तुकडा ३ फुटांच्या आत उतरवला तरी हे मिटतं. पण दगडाची सलग रेघ तुटते हो, आणि फोटोत ते दिसतं.)

बाकड्यांना मधोमध लोखंडी हात बसवा. म्हाताऱ्यांना उठताना आधार, असं सांगा. खरंच आहे ते. मग कडेला का नाही बसवले, हे कुणी विचारणार नाही. ज्याला रात्री तिथे पाठ टेकायची असते त्याला उत्तर ठाऊक असतं, आणि तो तक्रारवहीत लिहीत नाही.

मापं कुणाची घ्यायची? ल कॉर्ब्युझिए या थोर वास्तुकाराने आपल्या ‘मॉड्युलॉर’ मापपद्धतीसाठी शेवटी १.८३ मीटर उंचीचा पुरुष पक्का केला. का, तर इंग्रजी गुप्तहेरकथांतले देखणे पोलीस सहा फुटी असतात! याहून भक्कम आधार तुम्हाला कुठे मिळणार? फळ्या त्याच्या हाताला येतील अशाच ठोका. बाकीच्यांना स्टूल द्या, एकच.

लोकांचं मत जरूर घ्या. सामान येऊन पडलं की घ्या, पडद्याच्या रंगाबद्दल.

राहता राहिली स्वच्छतागृहं. इथे तर काटेकोर न्याय करा: बायकांना आणि पुरुषांना अगदी समान चौरस फूट. तेवढ्याच जागेत पुरुषांकडे मुताऱ्या धरून जास्त जण मावतात, बायकांकडे कमी, आणि त्यांना वेळही जास्त लागतो, हा काही तुमचा दोष नाही. रांग बाहेर येईलच. ती त्या चित्राच्या भिंतीकडे वळवा. एरवी थांबून चित्र बघायला वेळ आहे कुणाला?