फेसबुकवरचा मित्र गेला, हे कळवणार कोण?

गेलेल्या माणसाच्या वॉलवर "जीवेत शरदः शतम्" लिहिलेलं तुम्हीही कधीतरी पाहिलं असेल. फेसबुक वाढदिवसाची आठवण करून देतं, यादीतले वीस-पंचवीस जण केकचं चित्र डकवतात आणि मग खाली कुणीतरी लिहितं, "अहो, ते मार्चमध्येच गेले." त्यानंतर दिवसभर कॉमेंटी पुसण्याची धावपळ.

मला यात शुभेच्छा देणाऱ्यांचा दोष वाटत नाही. त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. सोसायटीत कुणी गेलं की खालच्या फळ्यावर चार ओळी येतात, गावात सांगावा जातो, पेपरात निधनवार्ता येते. शब्दकोड्यांच्या, गझलेच्या किंवा पक्षी पाहणाऱ्यांच्या ग्रुपवर दहा वर्षं रोज बोलणारा माणूस गेला, तर ही बातमी यायला वाटच नसते. घरच्यांना आपण माहीत नसतो, आपल्याला त्याचं घर माहीत नसतं. वर दुःख झालंच तर "कधी भेटला तरी होतास का?" हे ऐकायचं. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मध्ये अशा दुःखावर पुस्तक संपादित केलं: दुःख खरं असतं, पण ते करण्याचा हक्क लोक देत नाहीत. न सुतक, न तेरावं, न कुणाच्या दारात जाऊन बसणं. ती मान्यता मिळेल तेव्हा मिळो. निरोप पोचण्याची सोय मात्र आपल्या हातात आहे, आणि नेमकी तीच आपण करत नाही.

सुरुवात बहुतेक वेळा शांततेने होते. व्हॉट्सॲपवर एकच टिक आणि डीपी जागेवर, तर फोन बंद आहे किंवा नेट नाही, एवढाच अर्थ. एकच टिक आणि डीपीही गायब, तर ब्लॉक केलं असेल किंवा खातं गेलं असेल. दोन राखाडी टिका म्हणजे फोन किंवा त्याला जोडलेला कॉम्प्युटर चालू आहे, कदाचित घरच्या कुणाच्या हातात. न पोचलेला मेसेज कंपनी ३० दिवस ठेवते आणि मग काढून टाकते, म्हणजे दोन महिन्यांनी तो फोन चालू झाला तरी तुमचं "कसे आहात?" तिथे उमटणार नाही. पुन्हा पाठवावं लागतं. साधारण १२० दिवस न वापरलेलं खातं बंद होतं आणि तो माणूस सगळ्या ग्रुपांतून आपोआप बाहेर पडतो. आपल्याला वाटतं, रागावून गेला! पुढे रिचार्ज नसलेला नंबर दुसऱ्याला दिला जातो आणि एक दिवस काकांच्या नावापुढे कुठल्या तरी पोराचा बाइकवरचा फोटो दिसतो. त्या पोराला "तुम्ही त्यांचे कोण?" विचारू नका. त्याने नुसतं सिम घेतलंय.

आणि गप्प झालेला प्रत्येक माणूस गेलेला नसतो. फोन हरवतो, डोळ्याचं ऑपरेशन होतं, निवडणुकीच्या दिवसांत भांडून माणसं निघून जातात. म्हणून ग्रुपवर "कुणाला काही कळलं का हो?" असं जाहीर विचारण्याआधी, त्यांच्या गावचा किंवा त्यांना प्रत्यक्ष भेटलेला एखादा सदस्य गाठून खाजगीत विचारावं. जाहीर प्रश्नाचं दुपारपर्यंत "भावपूर्ण श्रद्धांजली" होतं, हा अनुभव सार्वत्रिक आहे. निधनवार्ता जिल्हा आवृत्तीत येते, पुण्याच्या पानावर नाशिकचं नाव सापडणार नाही. ई-पेपरमध्ये त्यांच्या जिल्ह्याची आवृत्ती उघडून चार-पाच दिवसांचे अंक चाळावेत.

पैशाची गोष्ट निघाली की आणखी जपून. २००१ मध्ये अमेरिकेत इंटरनेटवर हजारोंना ओळखीची झालेली, कॅन्सरशी झगडणारी केसी निकोल नावाची मुलगी "गेली" तेव्हा लोक खरोखर रडले. नंतर कळलं, अशी मुलगी नव्हतीच. एका बाईने ती रचली होती. तेव्हा वर्गणी गोळा करण्याआधी दोन वेगवेगळ्या माणसांकडून खात्री करा आणि पैसे थेट कुटुंबीयांच्या किंवा हॉस्पिटलच्या खात्यातच जाऊ द्या. मध्ये कुणाचाही यूपीआय नको, ॲडमिनचासुद्धा.

आता सगळ्यात मोठी चूक. बातमी पक्की झाली की कुणीतरी उत्साही सदस्य फेसबुकला कळवून खातं 'रिमेंबरिंग', म्हणजे गेलेल्या माणसाचं स्मृतिखातं, करायला लावतो. ही विनंती मित्रही करू शकतो, निधनाचा पुरावा म्हणून बातमीचं कात्रणही चालतं. पण एकदा ते झालं की पासवर्ड माहीत असला तरी त्या खात्यात कुणालाच शिरता येत नाही. घरच्यांना फोटो उतरवायचे असतात, अर्धवट राहिलेले व्यवहार बघायचे असतात, आणि दार बाहेरून बंद झालेलं असतं. त्यातून गेलेला माणूस एखाद्या पेजचा एकटाच ॲडमिन असेल तर ते पेजही जातं. तेव्हा हा निर्णय घरच्यांचा. आपण फार तर महिन्याभराने, ओळख काढून, अशी सोय आहे एवढं सांगावं. त्याने वाढदिवसाच्या आठवणी थांबतात, हा खरा फायदा. उलट घरच्यांनी खातं कायमचं काढून टाकलं तर त्याच्या पोस्टी आणि कॉमेंटीही जातात, म्हणून ग्रुपवरचं त्याचं लिखाण आधीच उतरवून ठेवलेलं बरं.

व्हॉट्सॲपवर हे करायला, अँड्रॉइड फोन असेल तर, ग्रुप उघडून तीन टिंबं, 'अधिक', 'चॅट एक्सपोर्ट करा'. फोटोंशिवाय घेतलं तर शेवटचे ४०,००० मेसेज येतात, फोटोंसकट १०,०००. गजबजलेल्या ग्रुपला दहा हजार म्हणजे जेमतेम काही महिने, त्यामुळे फोटो नकोतच. फाइल साध्या मजकुराची येते: तारीख, वेळ, नाव, मेसेज. नाव तुमच्या फोनमध्ये जसं सेव्ह आहे तसंच येतं, 'कोडीवाले जोशीकाका' असेल तर तेच. आणि इथे सगळे फसतात. नाव फक्त मेसेजच्या पहिल्या ओळीला असतं. नावावरून ओळी गाळून काढल्या की आठ ओळींच्या कवितेची पहिली ओळ हाती येते आणि सात कचऱ्यात जातात. हे काम डोळ्यांनीच करावं लागतं. तीन जणांनी फाइल वाटून घेतली तर चार संध्याकाळींत होतं. इतरांचे मेसेज वगळायचे किंवा त्यांना विचारून ठेवायचे. वीस-तीस पानं निघाली तरी छापून, साधं स्पायरल बाइंडिंग करून पोस्टाने पाठवावीत. लिंक नको.

सोबत पत्र, हाताने लिहिलेलं, एक पान पुरे. आपण कोण, कुठल्या निमित्ताने ओळख, आणि त्यांनी केलेली एक नेमकी गोष्ट: "कोड्यातला आडवा ७ अडला की सगळे त्यांची वाट बघायचे." 'त्यांचं व्यक्तिमत्त्व दिलखुलास होतं' हे घरच्यांना माहीत असतं, आडवा ७ नसतो. नॉर्वेत मॅट्स स्टीन नावाचा, स्नायूंच्या दुर्धर आजाराने खुर्चीला खिळलेला तरुण २०१४ मध्ये गेला. आईवडिलांना वाटायचं, पोराला मित्रच नव्हते. त्याच्या ब्लॉगवर त्यांनी बातमी टाकली आणि ज्यांच्याबरोबर तो वर्षानुवर्षं ऑनलाइन गेम खेळायचा त्यांच्या ईमेल येऊ लागल्या. पोराचं अर्धं आयुष्य त्यांना तेव्हा कळलं. तिथे आईवडिलांनीच दार उघडलं, म्हणून हे झालं.

ते दार आपलं आपण उघडून ठेवायचं. ग्रुपला निदान तीन ॲडमिन असावेत, तेही वेगवेगळ्या घरांतले. एकटा ॲडमिन गेला आणि 'फक्त ॲडमिन लिहू शकतात' हे सेटिंग चालू असेल, तर त्याचं खातं बंद होईपर्यंत ग्रुप मुका. फेसबुकवर अकाउंट्स सेंटर, पर्सनल डिटेल्स, अकाउंट ओनरशिप अँड कंट्रोल, मेमोरियलायझेशन, या वाटेने जाऊन लेगसी कॉन्टॅक्ट, म्हणजे आपल्यामागे ते स्मृतिखातं सांभाळणारा माणूस, नेमता येतो. त्याला तुमच्या वॉलवर वर टाचलेली पोस्ट लिहिता येते, तुमचे खाजगी मेसेज मात्र वाचता येत नाहीत. तेव्हा बायकोचं किंवा मुलाचं नाव घालायला घाबरू नका. गूगलवर 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे. ३ ते १८ महिन्यांची मुदत निवडायची, तेवढा काळ खातं वापरलं गेलं नाही की तुम्ही दिलेल्या दहापर्यंत माणसांना ईमेल जाते. बातमीसाठी ही फारच उशिराची सोय, पण फोटोंसाठी चांगली.

बातमीसाठी कागदच. विम्याच्या फायलीत ठेवायचा आणि तो तिथे आहे हे घरात एकाला सांगायचं. पासवर्ड त्यावर नको, मजकूर एवढाच:

"माझ्या फोनात 'आडवे-उभे' नावाचा ग्रुप आहे. मी गेलो की त्यात एक मेसेज टाक, तारीख लिही. तुझं नाव आणि आपला पत्ता दे. ते लोक पत्र पाठवतील. आलं तर वाच."