कूलर मोठा बसवला म्हणून व्होल्टेज माफ होत नाही

ओव्हरक्लॉकिंगचा, म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याचा, विषय निघाला की एक मजकूर हमखास पुढे ढकलला जातो. शब्द थोडेफार बदलतात, सार असं असतं: "व्होल्टेज वाढवल्याने प्रोसेसरचं आयुष्य कमी होतं ही जुनी भीती आहे. चिपमध्ये हलणारा भागच नाही, मग झिजणार काय? चिप मरते ती उष्णतेने. तापमान ८० अंशांच्या आत ठेवा आणि व्होल्टेज बिनधास्त वाढवा. कंपन्या स्वतःच १.५ व्होल्ट देतात. द्रव नायट्रोजनवाले तर १.९ देतात. आणि माझा प्रोसेसर पाच वर्षं १.४ वर चालतोय, त्याला काहीही झालेलं नाही."

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य अर्धं खरं आहे, हीच खरी अडचण. साफ खोटं असतं तर एवढं पसरलंच नसतं. एकेक वाक्य घेऊ.

"हलणारा भागच नाही, मग झिजणार काय?"

अणू हलतात. प्रोसेसरच्या आत तांब्याच्या अतिसूक्ष्म तारा असतात. त्यांची रुंदी नॅनोमीटरमध्ये मोजावी लागते, त्यामुळे एकेका तारेतला प्रवाह दिसायला किरकोळ असला तरी त्याची दाटी भयंकर असते. धावणारे इलेक्ट्रॉन धातूच्या अणूंना धक्के देत पुढे सरकवतात. नदी एका काठाची माती खाते आणि पुढच्या वळणावर गाळ टाकते, तसंच. एके ठिकाणी तार पोकळ होत जाते, दुसरीकडे ढिगारा साचतो. याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात. मोटोरोलाच्या जेम्स ब्लॅक यांनी १९६९ मध्ये मांडलेलं त्याचं समीकरण आजही वापरात आहे: तारेचं आयुष्य प्रवाहाच्या घनतेच्या साधारण वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतं, आणि तापमान वाढलं की झपाट्याने घटतं.

आता हिशेब करू. ४.५ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर ५ वर नेला आणि त्यासाठी व्होल्टेज १.२ वरून १.३५ केलं. चिपमधला प्रवाह ढोबळमानाने व्होल्टेज गुणिले वेग या प्रमाणात वाढतो, म्हणजे इथे २५ टक्के. चिप थंड ठेवणारा कूलर इतका जबरदस्त आहे की तापमान एक अंशही वाढलं नाही असं धरलं, तरी ब्लॅक यांच्या हिशेबाने तारांचं आयुष्य मूळच्या ६४ टक्क्यांवर येतं. आणि तापमान न वाढणं हे धरून चालणंही उदारपणाचंच आहे, कारण वीज व्होल्टेजचा वर्ग गुणिले वेग या प्रमाणात खर्च होते. याच उदाहरणात ती ४० टक्क्यांनी वाढली.

"मारते ती उष्णता, व्होल्टेज नव्हे"

मजकुराचा कणा हाच, म्हणून इथे जरा थांबू.

ट्रान्झिस्टर म्हणजे चिपमधला सूक्ष्म स्विच. त्याला चालू-बंद करणारं गेट आणि त्याखालचा सिलिकॉन यांच्यामध्ये विजेला अडवणारा एक थर असतो. २००४ च्या आसपासच्या '९० नॅनोमीटर' पिढीच्या चिपमध्ये हा सिलिकॉन ऑक्साइडचा थर फक्त १.२ नॅनोमीटर जाड होता, म्हणजे मोजून पाचेक अणूंच्या रांगा. त्यावर १.२ व्होल्ट टाका. आकडा केवढासा वाटतो! पण अंतराने भागून बघा: एका मीटरला १०० कोटी व्होल्ट. हवा साधारण ३० लाखांना फाटते आणि ठिणगी पडते. टेबलावरची अशी चिप त्याच्या तीनशे पटींहून अधिक ताण दिवसभर सोसत असते. पुढे इंटेलने २००७ मध्ये ४५ नॅनोमीटर पिढीला हॅफ्नियमवर आधारलेला जाडसर थर आणला तो विजेची गळती आवरण्यासाठी. ताण त्यानेही संपला नाही.

या ताणाखाली थरात हळूहळू दोष तयार होतात. एकेक दोष निरुपद्रवी असतो, पण पुरेसे दोष एका रांगेत आले की आरपार वाट मोकळी होते आणि थर फुटतो. किती दिवसांत फुटेल हे व्होल्टेजवर ज्या तीव्रतेने अवलंबून असतं, ती तीव्रता बहुतेकांच्या कल्पनेपलीकडची आहे. अतिपातळ ऑक्साइडवरच्या मोजमापांत आयुष्य व्होल्टेजच्या चाळिसाव्या घाताच्या आसपास घटताना दिसलं आहे. चाळिसाव्या! १० टक्के जास्त व्होल्टेज म्हणजे ४५ पट कमी आयुष्य. अर्थात, मुळात शेकडो वर्षं धरलेली असतील तर पंचेचाळिसावा भागही कित्येकांना पुरून उरतो. म्हणून पहिली थोडी वाढ काहीच करत नाही असं वाटतं आणि पुढची तेवढीच वाढ अचानक महागात पडते. जिन्याच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत.

याच्या जोडीला झिजेचे आणखी दोन प्रकार आहेत. गेटवर ताण असताना थरात आणि त्याच्या सीमेवर विद्युतभार अडकत जातो आणि ट्रान्झिस्टर चालू व्हायला आधीपेक्षा जास्त व्होल्टेज मागू लागतो. ताण काढला की तो काही अंशी सावरतो, पूर्ण नाही. दुसरा प्रकार म्हणजे जोरात धावलेले इलेक्ट्रॉन थरात घुसून बसणं. 'उष्णताच मारते' म्हणणाऱ्यांनी हा दुसरा प्रकार नीट बघावा: जुन्या, लांब चॅनेलच्या (इलेक्ट्रॉनच्या वाटेच्या) ट्रान्झिस्टरमध्ये तो थंडीत जास्त होतो. कारण सरळ आहे. स्फटिकाची थरथर कमी झाली की इलेक्ट्रॉनला वाटेत अडथळे कमी लागतात आणि तो जास्त वेगाने आदळतो.

उष्णता निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. वरच्या बहुतेक प्रक्रियांना ती चांगलीच गती देते, आणि चांगल्या कूलरने फरक पडतो. पण ताण व्होल्टेजचाच असतो. तापमान तो किती लवकर वसूल होणार एवढं ठरवतं.

एक उदाहरण तर असं आहे की त्यात ओव्हरक्लॉकिंग नाही आणि उष्णतेची तक्रारही नाही. जानेवारी २०११ च्या शेवटी इंटेलने सँडी ब्रिज प्रोसेसरसोबतचा ६ मालिकेचा चिपसेट, म्हणजे मदरबोर्डवरची साथीदार चिप, परत मागवला. त्यातली हार्ड डिस्क जोडायची ३ गिगाबिटची साटा पोर्टं काळानुसार खराब होत होती. कारण निघालं ते असं: त्या पोर्टांना ताल देणाऱ्या क्लॉकच्या मंडलातला (सर्किटमधला) एक ट्रान्झिस्टर पातळ थराचा होता आणि त्याला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज दिलं गेलं होतं. थर हळूहळू गळू लागला. एका ट्रान्झिस्टरच्या चुकीपायी दुरुस्ती आणि बदलीसाठी इंटेलने ७० कोटी डॉलर बाजूला काढले. चिपसेटवर कितीही मोठा कूलर बसवला असता, तरी तो ट्रान्झिस्टर वाचला नसता.

"कंपन्या स्वतःच १.५ देतात"

देतात. एएमडीचे २०१९ चे रायझन ३००० प्रोसेसर हलक्या कामात १.४५–१.५ दाखवत आणि लोक घाबरत. पण ते व्होल्टेज एखाददुसरा गाभा (कोअर) क्षणभर उसळी घेतो तेव्हाचं, प्रवाह कमी असतानाचं. सगळे गाभे कामाला लागले की तोच प्रोसेसर स्वतःहून व्होल्टेज बराच खाली आणतो. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, १.५ ठोकून बसवणं आणि चिपने गरजेपुरतं १.५ मागणं यांत फरक आहे. पडद्यावरचा आकडा दोन्हीकडे सारखाच दिसतो, एवढंच.

त्यात तो आकडा सगळं सांगतही नाही. भार अचानक सुटला की व्होल्टेज काही मायक्रोसेकंद वर उसळतं. भाराखाली व्होल्टेज पडू नये म्हणून लोड-लाइनची सेटिंग कडक ठेवणाऱ्यांच्या बोर्डवर ही उसळी जास्त मोठी असते, आणि सेकंदाला एकदा वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला ती कधीच दिसत नाही. गेटच्या थराला मात्र ती लागते.

बरं, कंपनीने दिलेलं व्होल्टेज म्हणजे ब्रह्मवाक्य, हेही २०२४ मध्ये खोटं ठरलं. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले वरच्या श्रेणीचे डेस्कटॉप प्रोसेसर कोलमडू लागले. गेम सुरू होताना 'व्हिडिओ मेमरी संपली' असा संदेश यायचा, ग्राफिक्स कार्ड मात्र धडधाकट. तपासाअंती इंटेलने सांगितलं की मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतला छोटा प्रोग्राम, गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्यामुळे गाभ्यातलं क्लॉकचं मंडल वेळेआधी म्हातारं होत होतं. ऑगस्ट २०२४ च्या मायक्रोकोडने १.५५ व्होल्टच्या वरच्या मागण्यांना लगाम घातला, आणि इंटेलने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पुढच्या महिन्यात आणखी एक दुरुस्ती आली, ती प्रोसेसर रिकामा किंवा हलक्या कामात असताना जास्त व्होल्टेज मागतो त्यासाठी. प्रोसेसर एरवी सर्वांत थंड असतो तोच हा वेळ. आणि आधीच झालेलं नुकसान कुठल्याही मायक्रोकोडने भरून आलं नाही.

अमुक पिढीला चाललं म्हणून तमुक पिढीला चालेल, हा याच वाक्याचा सख्खा भाऊ. १८० नॅनोमीटरचा पेंटियम ४ कंपनीकडूनच १.७–१.७५ व्होल्टवर चालायचा. पुढचा पेंटियम ४, नॉर्थवूड नावाचा, १३० नॅनोमीटरचा, १.५ साठी बनलेला. हौशी मंडळींनी जुन्या सवयीने त्यालाही १.७ आणि त्यावर दिलं. काही काळ मस्त चालला, मग एके दिवशी चालूच होईना. हे इतक्यांच्या बाबतीत झालं की त्याला 'सडन नॉर्थवूड डेथ सिंड्रोम' असं नाव पडलं.

"द्रव नायट्रोजनवाले १.९ देतात"

उणे १९६ अंशांच्या द्रवाने थंड केलेल्या चिपवर, काही मिनिटांसाठी, विक्रमाचा आकडा नोंदवून मोकळं व्हायला. चिप मेली तरी चालेल हे आधीच ठरवून. शंभर मीटरच्या शर्यतीवरून मॅरेथॉनचा वेग ठरवायचा नसतो.

"माझा पाच वर्षं चालतोय"

यावर वाद घालणं अवघड, कारण माणूस खोटं बोलत नसतो. पण ज्यांचे गेले ते 'बहुधा बोर्ड गेला' म्हणून नवीन मशीन घेतात आणि गप्प बसतात. शिवाय प्रत्येक चिप वेगळी निघते.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे 'आयुष्य कमी होणं' याचा अर्थ बहुतेक जण 'धूर निघणं' असा घेतात. चिप सहसा अशी मरत नाही. कंपनी प्रत्येक वेगासाठी लागतं त्यापेक्षा थोडं जास्त व्होल्टेज ठेवते. ती पुढच्या झिजेची शिल्लक असते. ओव्हरक्लॉक करणारा पहिल्याच दिवशी ही शिल्लक वेगासाठी काढून घेतो. मग झीज थोडीशी झाली तरी ती लगेच चुका म्हणून बाहेर पडते: सहा महिन्यांतून एकदा मशीन आपोआप बंद पडतं, एखादी संकुचित (झिप) फाइल उघडत नाही, व्हिडिओ रेंडर मध्येच तुटतो. दोष ड्रायव्हरला, रॅमला, विंडोजच्या अपडेटला दिला जातो. त्यावर बायोसमध्ये आणखी ०.०२ व्होल्ट दिले की मशीन पुन्हा गुणी बाळ. झीज तेवढीच अजून वेगाने सुरू.

व्होल्टेज जागेवर ठेवून नुसता वेग जेवढा वाढेल तेवढा वाढवणाऱ्यांनी हा लेख मनाला लावून घेऊ नये. तीनचार वर्षांत मशीन बदलणाऱ्याने कंपनीच्या आकड्यापेक्षा अर्ध्या दशांशाने, म्हणजे ०.०५ व्होल्टने वाढवलं, तर त्याला बहुधा कधी फरक जाणवणारही नाही. मीही वाढवतो. फक्त 'तापमान ठीक आहे ना, मग काही होत नाही' हे मी म्हणणं सोडलं, कारण माझ्याच वहीत लिहिलेलं आहे. एक प्रोसेसर, एकच वेग, एकच कूलर, भाराखाली कधीही ७५ अंशांच्या वर न गेलेला. स्थिर राहायला लागणारं व्होल्टेज घेतलं त्या महिन्यात १.३२, दीड वर्षाने १.३४, तिसऱ्या वर्षी १.३७. चौथ्या वर्षी त्या वेगावर तो १.४ देऊनही टिकेना. वेग २०० मेगाहर्ट्झने खाली आणला. अजून चालतोय, आणि कुणी विचारलं तर मीही सांगू शकतो की त्याला काही झालेलं नाही.